१९७० च्या ह्यूगो यादीतील पाच कादंबऱ्या

विज्ञानकथांचे वाचक एकत्र आले की ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांच्या याद्या निघतात आणि कोणी काय काय वाचले आहे याची मोजदाद सुरू होते. या मोजदादीत बहुधा विजेत्या कादंबऱ्याच असतात. नामांकनावर थांबलेली पुस्तके फार थोड्यांच्या वाचनात आलेली असतात. विजेत्यांची रांग पूर्ण करण्यापेक्षा एखाद्या वर्षाची यादी आख्खी वाचावी, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठी १९७० च्या ह्यूगोची यादी मी सर्वांत आधी सुचवेन. जागतिक विज्ञानकथा संमेलन त्या वर्षी पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरले होते आणि तिथे संमेलनाच्या सदस्यांच्या मतदानाने पाच कादंबऱ्यांमधून अर्सुला ल ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ची निवड झाली. कादंबरीसाठीचा ह्यूगो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री लेखिका.

ही निवड योग्यच होती. गेथेन या बर्फाळ ग्रहावरील माणसे एरवी ना स्त्री असतात ना पुरुष. महिन्यातील काही दिवसच त्यांच्यात लिंगभाव जागा होतो, आणि त्या वेळी कोण स्त्री होईल हे आधी ठरलेले नसते. या एका कल्पनेतून लेखिकेने राज्यकारभार, नातेसंबंध, लोककथा आणि युद्धाचा अभाव असा सगळा समाज उभा केला आहे. पूर्वार्ध संथ आहे, आणि राजकीय डावपेचांत नवा वाचक अडखळतो. परंतु ग्रहांच्या संघाने पाठवलेला पृथ्वीवासी दूत गेन्ली आय आणि पदच्युत मंत्री एस्त्रावेन हे दोघे हिमनदी पार करू लागतात, तेव्हा आधीच्या प्रत्येक पानाचे मोल कळते. एक उणीव मात्र खरी आहे: एस्त्रावेन जवळजवळ सर्वत्र आपण पुरुषाची मानतो अशाच कामांत दिसतो, आणि हे ल ग्विन यांनी स्वतःच पुढे मान्य केले.

या कादंबरीसमोर जे पुस्तक हरले ते कर्ट व्हॉनेगट यांचे ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन शहरावर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा लेखक तिथे युद्धकैदी होते आणि कत्तलखान्याच्या तळघरात असल्यामुळे वाचले. त्या संहाराबद्दल सरळ क्रमाने सांगणे शक्य नाही, म्हणूनच नायक बिली पिलग्रिम काळात मागेपुढे फेकला जातो आणि परग्रहवासीयांच्या हाती सापडतो, असे मला वाटते. विज्ञानकथेची सामग्री इतक्या निकडीने वापरलेली कादंबरी मी दुसरी वाचलेली नाही, आणि माझे मत असते तर ते द्यायला मी फार वेळ घेतला असता.

रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्या ‘अप द लाइन’मध्ये पर्यटकांना भूतकाळात, मुख्यतः बायझंटाइन काळातील कॉन्स्टँटिनोपलला, नेऊन आणणारे वाटाडे आहेत. एकाच ऐतिहासिक प्रसंगी पुढच्या सगळ्या शतकांतील प्रेक्षक जमत राहिले तर तिथली गर्दी किती वाढेल, हा प्रश्न लेखक फार चातुर्याने मांडतात. कालप्रवासातील गुंत्यांचा इतका कसून केलेला विचार क्वचितच आढळतो. मात्र स्त्रीपात्रांना भोगवस्तूपलीकडे फारसे स्थान नाही, आणि हा दोष आज वाचताना पानोपानी खुपतो.

नॉर्मन स्पिनरॅड यांची ‘बग जॅक बॅरन’ एका ब्रिटिश मासिकात क्रमशः छापून येत असताना तिच्यातील भाषेवरून संसदेतही विषय निघाला होता. प्रेक्षकांच्या तक्रारी दूरध्वनीवरून घेणारा दूरचित्रवाणीवरील सूत्रधार आणि अमरत्व विकू पाहणारा धनाढ्य यांच्यातील झुंज अजूनही जोरकस वाटते, जरी शैली दमवणारी आहे. पियर्स अँथनी यांच्या ‘मॅक्रोस्कोप’मध्ये बुद्धिमान माणसाचे मन नष्ट करणारा आकाशगंगेतील संदेश ही कल्पना उत्तम आहे, पण ज्योतिषाच्या लांबलचक विवेचनाखाली ती दबून जाते.

लेखकांच्या संघटनेतर्फे दिला जाणारा नेब्युलाही ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’लाच मिळाला, पण तिथल्या यादीत ‘मॅक्रोस्कोप’ नव्हती. रॉजर झेलाझ्नी यांची ‘आइल ऑफ द डेड’ आणि जॉन ब्रनर यांची ‘द जॅग्ड ऑर्बिट’ होती. ब्रनर यांच्या कादंबरीत लोकांमधील वांशिक भीती वाढवत नेऊन शस्त्रे खपवणारे घराणे आहे, आणि ही साखळी त्यांनी ज्या स्वच्छ नजरेने उलगडली आहे तिच्यामुळे मला ती अँथनी यांच्या पुस्तकापेक्षा कितीतरी सरस वाटते. पाच पुस्तके पूर्ण करणाऱ्या वाचकाने हे सहावेही आपल्या यादीत जरूर घालावे, आणि वेळ कमी असेल तर ‘मॅक्रोस्कोप’ खुशाल शेवटी ठेवावी.