बीआयएस केअर : सोनं घेताना मोबाइलमध्ये असावंच असं ॲप

भाचीच्या लग्नासाठी पाटल्या घ्यायच्या होत्या. पेढीवर हॉलमार्कबद्दल विचारलं, तर उत्तर आलं, "काकू, तीन पिढ्यांचा विश्वास आहे आपला." असेल, पण विश्वास पावतीवर लिहून मिळत नाही.

1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा लागतात: बीआयएसचा (म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी शिक्का, शुद्धता (22 कॅरेटला 22के916) आणि सहा अक्षरं-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. खोटा शिक्का ठोकणारे हा क्रमांकही मनाने कोरू शकतात, म्हणून हे ॲप लागतं. पाटलीच्या आतल्या बाजूचा क्रमांक इतका बारीक की मी सराफांचं भिंग मागून घेतलं. 'व्हेरिफाय एचयूआयडी'मध्ये तो टाकला, की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि कुठल्या केंद्रात तपासणी झाली ते समोर येतं. प्रकार नीट वाचा! हातात पाटली आणि स्क्रीनवर अंगठी दिसली, तर सरळ उठावं.

ॲप फुकट आहे, वापरायला सोपं आहे. तक्रारही त्यातूनच करता येते.

वजनाची फसवणूक मात्र काट्यावरच पकडावी लागते. साजातली लाख, मंगळसूत्राचे मणी सोन्याच्या भावाने लावले जातात. बिलात निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना आणि कुंदन-पोलकीला हॉलमार्कची सक्ती नाही, तिथे ॲपचा उपयोग होईलच असं नाही.