शेवटच्या वर्षी एपी कॅल्क्युलस बीसी घ्यावे का?

अमेरिकेत बारावीला कोणते विषय निवडावेत, हा प्रश्न आमच्या घरी आला तेव्हा मुलीने एपी कॅल्क्युलस बीसी घेतले. एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे महाविद्यालयीन पातळीचे विषय; कॅल्क्युलसचे त्यात एबी आणि त्याहून विस्तृत बीसी असे दोन अभ्यासक्रम आहेत. तिचा वर्षभराचा अभ्यास जवळून पाहिल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या बीसी अभ्यासक्रमात १० घटक आहेत. एबीचे ८ घटक त्यात येतातच, शिवाय पॅरामेट्रिक समीकरणे, ध्रुवीय निर्देशक आणि अनंत श्रेणी यांची भर पडते. मला सर्वांत मोलाची वाटली ती लेखी प्रश्नांची तपासणी. प्रत्येक प्रश्नाला ९ गुण असतात आणि नुसते उत्तर बरोबर आले म्हणून ते सगळे मिळत नाहीत. एका संध्याकाळी जुना प्रश्न सोडवताना तिने दिलेल्या अंतरालातली फलनाची कमाल किंमत अचूक काढली होती. मात्र दोन्ही टोकांवरच्या किमती तपासून दाखवल्या नव्हत्या. बोर्डाने प्रसिद्ध केलेल्या गुणदान-पत्रकाशी उत्तर ताडून पाहिल्यावर समर्थनाचा गुण गेल्याचे तिच्या लक्षात आले, आणि त्या दिवसापासून तिच्या वहीत प्रत्येक उत्तराखाली कारणाची एक ओळ दिसू लागली. जुने लेखी प्रश्न आणि ही पत्रके विनामूल्य मिळतात. महागड्या शिकवणीआधी ती हाताळावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

तक्रार आहे ती शिकवण्याच्या वेगाबद्दल. तिच्या शाळेत पहिले सत्र उजळणीत गेले आणि अनंत श्रेणी एप्रिलमध्ये घाईघाईने उरकली गेली. बहुपर्यायी भागात या एका घटकाचा वाटा १७ ते १८ टक्के असतो, त्यामुळे टेलर श्रेणीतील त्रुटीची मर्यादा काढायला ती शेवटी घरीच शिकली. वर्ग निवडण्याआधी शिक्षकांकडे वर्षाचे वेळापत्रक जरूर मागावे.

परीक्षा मे महिन्यात होते आणि निकाल जुलैत लागतो, म्हणजे तोवर प्रवेशाचे निर्णय बहुधा झालेले असतात. अर्जात विषयाची निवड दिसते, बऱ्याच ठिकाणी सहामाही गुणही पाहिले जातात. एपीचे १ ते ५ मधले गुण पुढे महाविद्यालयातल्या श्रेयांकांसाठी (क्रेडिट) उपयोगी पडतात. तेही महाविद्यालयागणिक बदलते: कुठे ४ पुरतात, कुठे ५ लागतात. बीसीच्या निकालात एबीचा स्वतंत्र उपगुण मिळतो, हा चांगला आधार आहे. तरीही ज्यांची त्रिकोणमिती आणि बीजगणित कच्चे आहे, त्यांनी निःसंकोच एबी निवडावे.