धुक्यातला छोटा ट्रेक: रानवाट की डोंगरधार?

दोन-तीन तासांचाच ट्रेक आहे आणि वाटा दोन आहेत: एक झाडीतून जाणारी, दुसरी उघड्या धारेवरून माथ्याला. कुठली घ्यायची हे धुकं कुठल्या प्रकारचं आहे त्यावर ठरतं.

रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर दरीत गार हवा साचून धुकं धरतं. ऊन चढलं की ते बहुधा विरतं. अशा दिवशी धारच घ्या, आणि लवकर निघा. वर पोचेपर्यंत धुकं पायाखाली राहिलं आणि सूर्य पाठीशी असला, तर आपली सावली धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं उमटतं. झाडीत हे दिसायचं नाही.

माथ्यावर ढगच टेकलाय आणि वारा वाहतोय, तर गोष्ट वेगळी. वारा ओली हवा उतारावरून वर ढकलत राहतो, ती चढताना गार होते आणि ढग तयार होतच राहतो. तासभर वाट पाहून तो हटेल याचा भरवसा नाही. धारेवर मग करड्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही, वर ओल्या कपड्यांवर वारा लागून अंग झपाट्याने गार पडतं. वाट चुकते ती मात्र बहुतेक वेळा उतरताना. चढताना सगळ्या सोंडा (माथ्यापासून खाली उतरत जाणाऱ्या डोंगराच्या धारा) माथ्याकडेच येतात, उतरताना त्याच फाटत जातात, आणि धुक्यात चुकीची सोंड सुरुवातीला अगदी बरोबर वाटते. म्हणून चढतानाच प्रत्येक फाट्यावर मागे वळून फोटो घ्या. माथा सोडण्यापूर्वी होकायंत्रावर उतरायची दिशा पक्की करा. जीपीएस धुक्याने अडत नाही, पण ओल्या बोटांना फोनची स्क्रीन दाद देत नाही. नकाशा आधीच डाउनलोड केलेला हवा.

ढगाच्या दिवशी खरी मजा रानवाटेची. जवळची खोडं काळी, त्यामागची फिकी, त्यापुढची नुसती रेघ. नजरेला काही ना काही सापडत राहतं. वाराही अडतो. पाने धुक्यातले थेंब गाळून घेतात, त्यामुळे पाऊस नसतानाही डोक्यावर टपटप चालू असते, रेनकोट हवाच. साल निघालेलं ओलं मूळ शेवाळी दगडाइतकंच घसरवतं, त्यावर पाय न देता ओलांडा. टॉर्च कपाळावर लावली तर उजेड थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो, म्हणून ती हातात, कमरेच्या उंचीवर धरा. दाट झाडीत जीपीएस थोडं भरकटतं, तेव्हा पायवाटेवरच विश्वास ठेवा.

दोन्हीकडे नियम एकच: पुढची खूण दिसेनाशी झाली, तर एकाने शेवटच्या खुणेपाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने हाकेच्या टप्प्यातच शोधायचं. सापडली नाही तर आल्या वाटेने परत. तीही सापडेना, तर जागेवर थांबून मिनिटात 6 शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा 6.

सोबत मुलं असतील किंवा धार कड्याला लागून जात असेल, तर ढगाच्या दिवशी धारेचा विचारच नको.