सात रस्त्याजवळची डिजिटल पुरावा-सेवा : काम चोख, कागद ढिसाळ

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत फिरताना कोणीतरी दुरून काढलेली स्वतःचीच छायाचित्रे माझ्या भाचीला अनोळखी इन्स्टाग्राम खात्यावरून आली, तेव्हा हा प्रकार नुसत्या नकोशा संदेशांचा नसून पाळतीचा आहे, हे आमच्या लक्षात आले. पोलिसांत तक्रार देण्याआधी पुरावा नीट जतन व्हावा म्हणून आम्ही सात रस्त्याजवळच्या एका खासगी सेवेकडे गेलो. तपास सुरू असल्याने तिचे नाव येथे देत नाही.

भाचीने तोवर ढीगभर स्क्रीनशॉट काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. तेथील तज्ज्ञांनी ते पाहिले आणि बाजूला ठेवले, कारण अशा प्रवासात चित्राचा दर्जा घटतो आणि त्यासोबतची मूळ तांत्रिक माहितीही गळून जाते. "ताई, काही पुसू नका आणि नोंद पूर्ण होईपर्यंत त्याला ब्लॉकही करू नका," असे बजावून त्यांनी तिच्याच फोनवरून खात्याचा दुवा आणि नाव बदलले तरी न बदलणारा अंकी क्रमांक टिपला. मग फोनमधील माहितीची प्रत घेऊन तिचे हॅश मूल्य, म्हणजे त्या माहितीचा जणू डिजिटल ठसा, आमच्यासमोर काढले. एसएचए-२५६ पद्धतीची ही ६४ अक्षरांची ओळ फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी पार वेगळी येते, हे त्यांनी करूनच दाखवले. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटला.

खात्यामागचा माणूस शोधून देण्याची हमी त्यांनी दिली नाही; ती माहिती कंपनीकडून पोलीसच मागवू शकतात, असे स्पष्ट सांगितले. इतरत्र नेमके याच आश्वासनावर पैसे मागितले गेले होते.

तक्रार आहे ती डिजिटल पुरावा न्यायालयात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राबद्दल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्याचा पहिला भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. (जुन्या कायद्यातील अशा प्रमाणपत्राची सक्ती ठामपणे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकालही आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातलाच.) येथे मात्र भाचीचा भाग त्यांनीच इंग्रजीत भरून नुसता सहीसाठी पुढे केला, आणि फोनची ओळख सांगणाऱ्या १५ अंकी आयएमईआय क्रमांकातला एक अंक चुकवला. घरी आल्यावर *#०६# दाबून पडताळले तेव्हा ते कळले. दुरुस्ती त्यांनी विनाशुल्क करून दिली, पण त्यासाठी जुळे सोलापुरातून आम्हाला दुसरी फेरी मारावी लागली.