मायटर सॉवर अ‍ॅल्युमिनियम: मशीन चांगलं, क्लँपनं डोकं उठवलं

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेलं १० इंची मायटर सॉ मशीन (हव्या त्या कोनात कट मारणारी विजेची करवत) परवा सर्व्हिस सेंटरवरनं परत आलं. खालचा गार्ड (पातं झाकणारं कव्हर) नवा बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. क्लँप (माल आवळून धरणारा चाप) मात्र गेला तसाच डुलत परत आला. विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "सर, क्लँप ॲक्सेसरीत येतो, त्याला वॉरंटी नसते." गाळ्यावर येईपर्यंत डोकं तापलं होतं, अजून निवलेलं नाही. तेव्हा पुढं कुठं सूर चढला तर सांभाळून घ्या. वॅट, वजन, कोन कुठपर्यंत फिरतो हे खोक्यावर छापलेलं असतं, ते मी परत लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. शेजारच्या गाळ्यात दुसऱ्याच कंपनीचं मशीन आहे आणि त्याच्या क्लँपलाही हाच आजार आहे.

माझं काम स्लायडिंग खिडक्या, पार्टिशन आणि किचन ट्रॉलीच्या फ्रेमचं. २०१९ च्या महापुरानंतर आणि २०२१ ला परत पाणी शिरल्यावर कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठ, शाहूपुरीतली कुंभार गल्ली असल्या भागातली गिऱ्हाइकं पहिलं वाक्य एकच बोलतात, "प्लाय नको." फुगलेल्या ट्रॉल्या ज्यांनी रस्त्यावर काढून टाकल्यात त्यांना लाकडाचं कौतुक सांगून उपयोग नाही. त्यामुळं अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन (पोकळ पट्ट्या) कापायचं काम वाढलं. हातकरवतीनं आणि जुन्या कटरनं भागेना, म्हणून हे मशीन घेतलं.

भांडणाचं मूळ असं. हँडल वर गेलं की खालचा गार्ड आपोआप पात्यावर यायला पाहिजे. माझा अर्ध्यातच अडकायला लागला. अ‍ॅल्युमिनियमचा चुरा बसला असेल म्हणून प्लग काढून ब्रशनं सगळं साफ केलं, तरी तेच. स्प्रिंग मेली होती. गार्ड तारेनं वर बांधून बिनधास्त काम करणारे मी पाहिलेत, त्यांची बोटं मोजून बघावीशी वाटतात. मी मशीन उचललं आणि सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथं खोकं उघडायच्या आधीच निकाल लागला, "यावर मेटल कापलंय. मशीन लाकडाचं आहे. वॉरंटी गेली."

मॅन्युअल बरोबर नेलं होतं. त्यात सरळ लिहिलंय की योग्य ब्लेड लावलं तर अ‍ॅल्युमिनियमही कापता येतं. ते पान मार्करनं पिवळं करून काउंटरवर ठेवलं. मग वरच्या साहेबांना फोन, मग "बघतो", मग "पार्ट मागवलाय". काम अडलं ते माझं अडलं. शेवटी गार्ड मिळाला हे खरं, पण मॅन्युअल नेलं नसतं तर मिळाला नसता. कुणीही घ्या, ते पुस्तक रद्दीत घालू नका.

लोखंडाच्या बाबतीत मात्र सर्व्हिसवाल्याचं बोलणं शंभर टक्के खरं आहे. गाळ्यावर दिवसाआड कुणीतरी अँगलचा (एल आकाराच्या लोखंडी पट्टीचा) तुकडा घेऊन येतं, "एवढा एक कट मारून दे की, काय हुतंय?" काय होतं ते सांगतो. माझं मशीन मिनिटाला ४६०० फेरे फिरतं. २५५ मिलिमीटरच्या पात्याचा दात म्हणजे सेकंदाला ६० मीटरच्या वर पळतो. लोखंड दात्याच्या पात्यानं कोरडं कापायची जी खास मशीनं येतात, ती ३०५ मिलिमीटरचं पातं मिनिटाला साधारण १३०० फेऱ्यांनी फिरवतात. म्हणजे दाताचा वेग जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर. माझ्या वेगात लोखंडाला दात लावला तर दाताच्या टोकाला लावलेल्या कडक कार्बाइडचा तुकडा उडतो आणि तो कुठल्या दिशेनं जाईल हे कुणाच्या हातात नाही.

यावर दुसरा शहाणा म्हणतो, मग कटिंग व्हील (बिनदाताची, घासून कापणारी चकती) लाव. ते तर अजिबात नको. लाकडाच्या मशीनचा गार्ड प्लॅस्टिकचा, मागं भुश्शाची कापडी पिशवी, आत प्लायचा भुसा. व्हीलच्या ठिणग्या त्यात गेल्या की तो धुमसत राहतो आणि गाळा बंद करून आपण घरी. व्हील फुटलं तर ते तुकडे अडवायला तो गार्ड बनवलेलाच नाही. अँगलवाल्यांना मी आता चहा पाजतो आणि पलीकडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं पाठवतो.

आता ब्लेड. मशीनबरोबर आलेलं ४० दाती ब्लेड लाकडाचं. त्याचे दात पुढं झुकलेले असतात, माल स्वतःकडं ओढून घेतात. लाकडात ते बरं, पण सव्वा मिलिमीटर जाडीच्या सेक्शनला असा दात लागला की तो भिंत पकडून सेक्शन खेचतो. अ‍ॅल्युमिनियमला १०० दाती, निगेटिव्ह रेकचं घ्या. त्याचा दात किंचित मागं कललेला असतो, त्यामुळं तो ओढत नाही, खरवडत जातो. दातांची घडण टीसीजी (ट्रिपल चिप ग्राइंड) पाहिजे. एक दात उंच आणि कडा मारलेला, पुढचा सपाट आणि जरा बुटका, अशी जोडी. दुकानदार "सगळ्याला चालतं" म्हणून मल्टिपर्पज गळ्यात मारतो, ऐकू नका. भोकाचं माप बघा, २५.४ आणि ३० यात गल्लत होते. आणि पात्यावर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाचे फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा वर पाहिजे. ब्लेड महाग आहे, मलाही खुपलं. पण कट इतका साफ येतो की कानस लावायचं काम जवळपास बंद झालं. कानशीचा वेळ धरला तर पैसे कधीच वसूल झाले.

अ‍ॅल्युमिनियम मऊ, ते दाताला चिकटतं. चिकटलं की पातं कापायच्या ऐवजी घासतं आणि आवाज चिरका होतो. त्यासाठी मशीन बंद असताना दातांना मेण चोळायचं. साधी मेणबत्ती चालते, मी तीच वापरतो. रॉकेल शिंपडणारे आहेत, त्यांना नमस्कार.

आता क्लँप. हात जोडून सांगतो, हे मशीन घेताना दुकानात बाकी काही बघू नका, क्लँपची दांडी भोकात घालून हलवून बघा. माझी दांडी भोकात डुलत होती. वरचा स्क्रू आवळला की दांडी मागं कलायची आणि पॅड सेक्शनला फेन्सपासून (माल टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीपासून) पुढं ढकलायचं. डोळ्याला दिसत नाही, पण सेक्शन आणि फेन्सच्या मधे कागद सरकवला तर तो आरपार जायचा. लाकडाच्या जाड बॅटनला याचं काही वाटत नाही. पोकळ सेक्शनला मात्र तेवढी फट म्हणजे पातं लागल्याबरोबर तो थरथरणार आणि दात भिंत पकडणार. मग माणूस काय करतो? क्लँप सोडतो आणि हातानं दाबतो. हे मशीन हातानं धरून मेटल कापायचं नाही, आणि कंपनीनं क्लँप असा दिलाय की हातानंच धरावंसं वाटावं. माझा राग तिथं आहे.

गणपतीच्या सुमारास मी एका मित्राला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, "मशीन घेऊ नको, ४५ अंशाला खोटं आहे, फ्रेमचा कोपरा उघडा राहतो." ते मत आता बदललंय. गुण्या लावून कोनाची पट्टी तपासली, ती बरोबर निघाली. कोपरा उघडा पडत होता तो क्लँपनं ढकलल्यामुळं. मशीनचा टेबल आणि कोनाची खाच यात आजही काही दोष नाही.

कंपनी क्लँप देईना, मग आमचं उद्यमनगर (लेथ-वर्कशॉपची वसाहत) कशाला आहे? ओळखीच्या लेथवर दांडी आणि मशीनचा बेस दोन्ही घेऊन गेलो. टर्नरनं दांडी भोकात घातली, अंगठ्यानं दोनदा हलवली आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) काढायच्या आधीच म्हणाला, "एक एमएमचा खेळ हाय की यात." व्हर्नियरनं तेच दाखवलं, केसभर कमी. त्यानं ब्राईट बारमधनं (गुळगुळीत लोखंडी सळईतनं) नवी दांडी काढली, खाली स्क्रू बसायला चपटी बाजू मारली आणि भोकात घालून दाखवली. आत जाताना हवा बाहेर पडल्याचा फुस्स आवाज आला. तेवढा आवाज ऐकून माझा निम्मा राग गेला, खोटं कशाला बोलू. पॅडची रबरी टोपी फुगून निघाली होती, तिच्या जागी चप्पल लाईनमधनं आणलेला जाड चामड्याचा तुकडा चिकटवला. अ‍ॅनोडाइज्ड सेक्शनवर ओरखडा उठत नाही. सगळा खर्च पाचशेच्या आत. जे काम उद्यमनगरात एका चहात झालं ते एवढ्या मोठ्या कंपनीला जमू नये?

दांडी घट्ट झाल्यावरही पोकळ सेक्शन नुसता आवळायचा नाही, चेपतो. मागं-पुढं त्याच्या आकाराचे लाकडी ठोकळे लावून मग आवळायचं. हे चित्र मॅन्युअलमध्येच आहे. १२ फुटी सेक्शनचं लांबचं टोक टेबलाच्याच उंचीला टेकलेलं पाहिजे, नाहीतर कट संपत आला की वजनानं खाली वाकून पातं चावतं. मी जुन्या कॉटच्या पायांचे दोन घोडे केलेत, ठीक चाललंय.

कट मारताना: पातं पूर्ण वेगात आल्याशिवाय मालाला लावायचं नाही, सावकाश खाली घ्यायचं, कट पूर्ण झाला की हँडल खालीच धरून स्विच सोडायचा आणि पातं थांबल्यावरच वर उचलायचं. हे शेवटचं नवीन पोरांना पटत नाही. आमच्याकडच्या हेल्परनं एकदा पातं फिरत असतानाच हँडल वर घेतलं. बोटभर तुकडा पातं आणि फेन्सच्या मधे सापडला आणि माझ्या कानाजवळनं जाऊन मागच्या पत्र्यावर खणकन आदळला. पत्र्याला पोचा आहे अजून. त्या दिवसापासून दोन नियम केले. हातात धरावा लागेल एवढा छोटा तुकडा या मशीनवर कापायचाच नाही, तो हातकरवतीनं. आणि फेस शील्डशिवाय स्विचला हात नाही. चुरा गरम आणि टोकदार असतो, नुसत्या चष्म्याच्या बाजूनं आत येतो. हातमोजे मात्र पातं फिरताना घालायचे नाहीत, पात्यानं धागा पकडला की मागनं हात जातो. मोजे चुरा झाडताना, प्लग काढून. गळ्यातला पंचा, हातातला कडा-दोरा, लांब बाही सगळं बाजूला. कानाला इअरमफ लावा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा आवाज लाकडाच्या दुप्पट वाटतो आणि रात्री कान वाजत राहतात.

इथं ब्रेकबद्दल सांगायला पाहिजे. घेताना इलेक्ट्रिक ब्रेकला मी जास्तीचे पैसे काढायची सोय समजत होतो. आता या मशीनमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच वाटते. स्विच सोडला की पातं दोन-तीन सेकंदांत उभं राहतं. ब्रेक नसलेलं पातं बराच वेळ फिरत राहतं, आणि तेवढा वेळ कुठलाही हेल्पर थांबत नाही. लेझर मात्र चकचकीत सेक्शनवर नुसता चमकतो, रेघ दिसत नाही. बंदच असतो.

भुश्शाची पिशवी अ‍ॅल्युमिनियम कापताना काढून ठेवतो. आणि ग्राइंडर कोपऱ्यात लांब नेलाय, कारण अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी, लोखंडाचा गंज आणि वर ठिणगी हे त्रिकूट एकत्र आलं तर जे पेटतं ते पाण्यानं विझवायला जाऊ नये. झाडलोट दोन्हीकडची वेगळ्या डब्यात. लाईट फिटिंगवाल्यानं सुरुवातीला ६ अँपिअरच्या पॉईंटवर जोडून दिलं होतं, ते काढून १६ चा पॉईंट आणि जाड वायर घेतली. बारीक एक्स्टेंशनवर मशीन दमतं, वेग पडतो आणि पातं अडकतं.

माझ्या स्वतःच्या लोखंडासाठी म्हणून १४ इंची जुना चॉप सॉ (कटिंग व्हीलवर चालणारं मशीन) घेतलाय, ३८०० आरपीएमचा, पत्र्याच्या गार्डचा. त्यावर एवढंच सांगतो की व्हीलच्या मधल्या धातूच्या रिंगवर मुदतीची तारीख असते, ती वाचा. साधारण तीन वर्षांची मुदत येते. आपल्याकडच्या पावसात भिंतीला टेकवून ठेवलेलं व्हील ओल धरतं, म्हणून ते सपाट आणि कोरड्या जागी ठेवा. अँगल उलटा, म्हणजे घराच्या कौलासारखा ठेवून कापा. दोन्ही पाय सारखे कापले जातात आणि व्हील रुंद पट्टीत रुतून बसत नाही.

घ्यावं का? अ‍ॅल्युमिनियम आणि लाकूड दोन्ही करत असाल तर घ्या. ब्लेडचे पैसे मशीनच्या पैशातच धरा आणि क्लँप उद्यमनगरात दाखवा. नवीन दांडीचं बिल मी कंपनीला ईमेल केलंय, व्हर्नियर लावलेल्या भोकाच्या फोटोसकट. अजून "तुमची तक्रार नोंदवली आहे" एवढंच आलंय. पैसे आले तर खाली लिहीन, नाही आले तरी लिहीन.