सेवाकार्यातून जपानी : मुलांच्या एका वर्गाविषयी

आमची मुलगी ज्या जपानी वर्गाला जाते, तिथे पाठाची सुरुवात झाडूने होते. जपानमधील शाळांत मुले आपला वर्ग स्वतः झाडून-पुसून घेतात; तीच ‘सोजी’ येथे सार्वजनिक वाचनालयात केली जाते. जळणारा कचरा आणि प्लास्टिक वेगळे करताना मुले एकमेकांना ‘कोरे वा नान देसु का?’ (हे काय आहे?) असे विचारतात आणि उत्तर चुकले की पिशवी पुन्हा उघडावी लागते, त्यामुळे वाक्यरचना वेगळी घोकावी लागत नाही. वृद्धाश्रमात ओरिगामीचे करकोचे भेट देताना वस्तू दोन्ही हातांनी देण्याची आणि कमरेत वाकून अभिवादन करण्याची सवयही अंगवळणी पडते.

लेखन मात्र मागे पडते. हिरागाना या पहिल्या जपानी लिपीची ४६ मूळाक्षरे कशीबशी पूर्ण झाली, परकीय शब्दांसाठीची काताकाना लिपी अजून रेंगाळतेच आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते, तेव्हा केवळ तिच्या सर्वांत सोप्या पातळीचे, एन-५ प्रमाणपत्र हवे असणाऱ्या पालकांची (अशांची संख्या कमी नाही!) येथे निराशा होईल. सेवेच्या वेळी पालकांना जवळ थांबू देत नाहीत, हा नियम मला अगदी योग्य वाटला.