साडेआठला काय लावायचं? साधी मालिका की सनसनाटी

मे महिन्यात भाऊ मुंबईहून आला. त्याने घर शाकारून घेतलं, आंब्याच्या पेट्या भरल्या, डिशचं रिचार्ज केलं आणि निघताना रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाला, "ताई, साडेआठला दोन मालिका एकाच वेळी असतात. आईला कुठली लावायची ते तू ठरव." तो गाडीत बसून मोकळा झाला. इथे घरात टीव्ही एक, आई आणि काकी मिळून प्रेक्षक दोन, आणि मला धरून मतं तीन.

वेंगुर्ल्याजवळचं आमचं गाव. देवाजवळ दिवा लागला की टीव्ही लागतो. एका वाहिनीवर साध्या घरातली गोष्ट चालते: नोकरी गेलेला नवरा, थकलेले हप्ते, सासूचा अबोला. दुसरीवर त्याच वेळी विष कालवलेलं दूध, जिन्यावरून ढकललेली गरोदर बाई आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरी. नावं मुद्दाम सांगत नाही. तुम्ही हे वाचाल तोवर यांतली एक संपलेली असेल आणि दुसरीने वीस वर्षांची उडी मारलेली असेल. दोन महिने मी दोन्ही आलटून पालटून पाहिल्या. ज्यांच्या घरी हाच तिढा आहे त्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

आधी एक गैरसमज. वास्तववादी मालिका म्हणजे जिच्यात काही घडत नाही ती, असं काकी समजते. आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने तरी असं समजू नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. कुठल्या मालिकेवाल्याला सुचलं असतं हे? पण पोफळ लावल्यापासून हातात सुपारी यायला पाच-सात वर्षं जातात. त्या वादळाची खरी मालिका करायची तर वादळाचा एक भाग होईल, आणि उरलेले सगळे भाग पोफळीचे. सनसनाटी मालिकेत उलट असतं. तिथे दर आठवड्याला वादळ येतं आणि पुढच्या सोमवारी बाग जागच्या जागी उभी असते. घटना केवढी होती याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात काय चाललंय, ते बघायचं.

ही कसोटी आजारपणाला लावून बघा. 'ईस्टएंडर्स' ही बीबीसीची मालिका १९८५ पासून चालू आहे. तिच्यातल्या मार्क फाउलर या तरुणाला एचआयव्ही असल्याचं १९९१ मध्ये उघड झालं. पुढे कित्येक वर्षं तो मालिकेत होता. काम करत होता, भांडत होता, लग्न करत होता, आणि आजार त्याच्या सोबत होता. त्याच्या मृत्यूची बातमी कथेत आली ती २००४ मध्ये. आपल्याकडे कर्करोग हा तीन आठवड्यांचा पाहुणा. रिपोर्ट बदललेला निघतो, नाहीतर नवस फळतो, आणि माणूस मंगळागौरीला नाचायला उभा राहतो. स्मृती गेलेल्यांची तर गणतीच नको.

मरणाचंही तेच. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ३ जुलै २००० ला सुरू झाली आणि २००८ पर्यंत अठराशेच्या वर भाग चालली. तिच्यातला नायक मिहिर मेला तेव्हा प्रेक्षकांनी आकांत मांडला, आणि मग मिहिर परत आला. आमच्या आईने तेव्हा विचारलेला प्रश्न घरात अजून म्हणीसारखा वापरला जातो: "गो बाय, मेलेलो परत कसो इलो?" बघायची ती थांबली नाही म्हणा. पण त्यानंतर त्या मालिकेत कोणीही मेलं तरी ती उठून भात टाकायला जायची. सनसनाटीचा खरा तोटा हा. मरण एकदा स्वस्त झालं की पुढच्या कुठल्याच मरणाला डोळ्यांत पाणी येत नाही, आणि मग लेखकाला एका मरणाच्या जागी तीन मरणं घालावी लागतात.

हे असं का होतं, तर गणितामुळे. रोजची मालिका म्हणजे जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं, आणि ती आठवड्याचे पाच-सहा, कधी सातही दिवस. ब्रेकला जाताना माणूस उठून दुसरीकडे जाऊ नये म्हणून दर वेळी काहीतरी लटकत ठेवायचं. दार उघडतं, तिघांचे चेहरे तीन-तीनदा दिसतात, विजा कडाडतात. टीआरपीचे आकडे आठवड्याला येतात. आकडा पडला की ट्रॅक बदलतो, आणि जी सून गेल्या गुरुवारी समजूतदार होती ती या गुरुवारी विष घालते. स्वभाव एका आठवड्यात बदलत नाही हे लेखकालाही कळतं, पण आकडा थांबत नाही.

ही खोड आपल्याकडची नाही, आजचीही नाही. साबणाच्या कंपन्यांनी अमेरिकेतल्या रेडिओ मालिकांना पैसा पुरवला म्हणून यांना सोप ऑपेरा हे नाव पडलं. इंग्लंडमध्ये 'द आर्चर्स' ही रेडिओ मालिका १९५१ मध्ये देशभर ऐकू येऊ लागली. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती आणि शेतकऱ्यांना गोष्टीच्या ओघात शेतीची माहिती द्यावी असा हेतू होता. आपल्या आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमांची चुलतबहीणच म्हणा. पण २२ सप्टेंबर १९५५ ला, व्यापारी टीव्ही सुरू झाला त्याच संध्याकाळी, या मालिकेत ग्रेस आर्चर आगीत गेली आणि लोक रेडिओपाशी खिळले. यॉर्कशरमधल्या शेतकरी कुटुंबाची 'एमरडेल फार्म' १९७२ ला सुरू झाली. १९८९ मध्ये नावातलं शेत गेलं, आणि १९९३ च्या डिसेंबरात गावावर विमान कोसळवलं. मालिका अजून चालू आहे. तेव्हा सनसनाटी टाकाऊ असती तर ती इतकी वर्षं टिकली नसती, हेही मान्य करायला हवं.

आता साध्या मालिकेची उणी बाजू. तिला उपदेशाची सवय असते. 'हम लोग' ही दूरदर्शनची मालिका ७ जुलै १९८४ ला सुरू झाली. मेक्सिकोत अशा मालिकांतून समाजशिक्षण करण्याचा प्रयोग झाला होता, त्यावरून ती बेतलेली. कुटुंबनियोजनाचा संदेश पोचवायचा होता. सुरुवातीचे भाग इतके उपदेशाचे झाले की लोक कंटाळले, आणि तेरा-एक भागांनंतर संदेश पातळ करून घरातली भांडणं, प्रेमं, दारू, स्वप्नं पुढे आणावी लागली. मग मात्र देश तिच्यामागे वेडा झाला. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे ते लोक ऐकून घ्यायचे, कारण आधीची वीस मिनिटं वसूल झालेली असायची. आमच्या साडेआठच्या साध्या मालिकेत नायिका दर शुक्रवारी एक भाषण देते. त्या वेळी मी ताटं घेते.

दुसरी उणीव जास्त टोचते. या मालिकांचं वास्तव ठाणे-डोंबिवलीच्या पलीकडे फारसं येत नाही. मालिकेतल्या एकाही सुनेला मी बांगडे साफ करताना पाहिलेलं नाही. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, घरात सुकट नाहीतर सोडे निघतात, हे कुठल्याच स्वयंपाकघरात दिसत नाही. दिसतो तो ओटा, ज्यावर तेलाचा थेंब नाही. आई बघते आणि म्हणते, "ह्यां काय आपल्यातलां वाटणा नाय." एका गोष्टीचं मात्र दोन्ही प्रकारांना श्रेय देते. आमच्याकडे गणपती बसतो त्याच आठवड्यात त्यांच्याकडेही बसतो. पंचांगाच्या बाबतीत सनसनाटी मालिकासुद्धा वास्तववादी आहे.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर ही तुलना आपल्याकडे आधीच होऊन गेली आहे. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. कुडाळ तालुक्यातल्या आकेरीचा वाडा, रात्री साडेदहाची वेळ. टीआरपीच्या मोजणीत खेड्यातली घरं येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. योगायोग असेलही. कोकणाला भुताखेतांचा प्रदेश म्हणून दाखवता, अंधश्रद्धा पसरवता, अशी ओरड तेव्हा झाली आणि मीही त्यात सूर मिसळला होता. आज मागे वळून बघताना वाटतं, आम्ही भुतावर रागावलो होतो आणि बघत होतो भलतंच. घरचे कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात. मुंबईचा मुलगा माधव येतो, गावातला मुलगा दत्ता असतोच. घर कोणी सांभाळलं आणि वाटा कोणाला, ही दत्ताच्या बायकोच्या, सरिताच्या डोळ्यांतली मोजणी सुरू होते. सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, चतुर्थीला येणारे चाकरमानी, एकाच घरात मांडलेल्या दोन चुली, हे तर आपल्या प्रत्येक वाडीत आहे. भूत वरचं होतं. आत खरीखुरी कोकणी कुटुंबकथा होती, मालवणी बोलणारी, लाल मातीत चालणारी. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात कथा मागे नेऊन जिवंत अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता दाखवली. मेलेला परत आणायचा तर असा आणावा, काळ मागे नेऊन. आईचीही त्यावर तक्रार नव्हती.

मधल्या काळात, २०१७ मध्ये, त्याच वाहिनीवर 'गाव गाता गजाली' आली. बोली तीच आणि मुलूखही तोच, पण इथे खून नव्हता की भूत नव्हतं. गावातल्या माणसांच्या गजाली म्हणजे गप्पा, थट्टा, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या. आमच्या घरी दोन्ही आवडल्या. पण आकेरीचा तो वाडा बघायला लोक गाड्या करून येऊ लागले, गजालीचं गाव शोधत कोणी आल्याचं मी ऐकलं नाही. सनसनाटीची ताकद किती आणि साधेपणा किती गुपचूप असतो, ते एवढ्यावरून कळतं. गजालीतलं एखादं वाक्य मात्र आमच्या पडवीत अजून कोणीतरी बोलून जातं.

आता माझं मत. सनसनाटीला माझी ना नाही. आमच्या जत्रेत दशावतार रात्रभर चालतो. राक्षस आरोळी ठोकत येतो, पोरं आयांच्या कुशीत शिरतात, आणि साडी नेसलेला पुरुष राणी म्हणून रडतो तेव्हा आई खरोखर डोळे पुसते. सकाळी तोच राक्षस बांधावर भेटतो आणि भाताचं विचारतो. तिथे कोणी कोणाला फसवत नाही, कारण सोंग हे सोंग म्हणूनच येतं. मला खटकते ती साडेआठची दुधात विष घालणारी, कारण ती तुमच्या-आमच्यासारखी साडी नेसून, तुळशीला पाणी घालून, 'ही घरोघरची गोष्ट' म्हणत येते. साडेदहाच्या भुताने निदान तसा दावा केला नव्हता.

ठरवायचंच असेल तर घरात बघणारं कोण आहे ते बघा. एकटं म्हातारं माणूस असेल, बोलायला कोणी नसेल, तर साधी मालिका लावा. तिच्यातली माणसं रोज भेटणाऱ्या शेजाऱ्यांसारखी होतात, चार दिवस चुकले तरी धागा तुटत नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे चार दिवस चुकतातच. आठ-दहा जण एकत्र बसून टिंगल करत बघणार असाल तर सनसनाटीसारखी मजा नाही. काकीकडे शेजारच्या दोघी येतात आणि पुढे काय होणार यावर पैजा लागतात. लहान मुलं समोर असतील तर मात्र विषवाली नको. आमची भाची एकदा दुधाचा पेला बाजूला सारून बसली होती, तेव्हापासून हा नियम घातला. झोप कमी असलेल्यांनीही नको, कारण ती मालिका नेमकी अशा जागी संपते की डोळा लागत नाही. आणि साधी मालिका निवडलीत तर पहिले पंधरा दिवस कंटाळा येईल हे धरून चाला. पंधरा दिवसांनीही एकाही पात्राचं उद्या कसं होईल असं वाटलं नाही, तर ती साधी नव्हे, नुसती रटाळ आहे. खुशाल बदला.

आमच्याकडे साडेआठला साधी लागते. काकीची दुपारी पुनःप्रक्षेपणात, जेवण झाल्यावर. भावाला फोन करून तसं कळवलं.

परवा आठ वाजून चाळीस मिनिटांनी लाईट गेली. बाहेर धो-धो. आईने कंदील लावला आणि नोकरी गेलेल्या त्या नवऱ्याचं पुढे काय होईल ते सांगू लागली: तो गावी येईल, भावाशी वाद घालील, मग काजूची कलमं लावील. काकी थोडा वेळ ऐकत राहिली. मग पदर सावरत म्हणाली, "ता ऱ्हवां दे. पण दुपारचां ता दूद पिल्यान कोणी?"